गाणं कुणाला ऐकू येतं?

मालिकेतल्या एखाद्या प्रसंगात गाणं सुरू झालं की एक प्रश्न विचारावा: हे कुणाला ऐकू येतंय? पडद्यावरच्या माणसांना, की फक्त आपल्याला? सहसा आपण तो विचारत नाही. गाणं भिडतं, डोळे भरून येतात, भाग संपतो. या पुस्तकातले लेख वाचताना मात्र हा प्रश्न हाताशी ठेवावा असं मला मनापासून वाटतं. गेल्या चाळीस वर्षांत टीव्हीवरचे जे संगीतप्रसंग लोकांच्या मनात घर करून राहिले, त्यांच्या कर्त्यांनी या प्रश्नाचं उत्तर विचारपूर्वक ठरवलेलं दिसतं. प्रसंगाचा जीव बहुतेक वेळा त्या उत्तरातच असतो.

मराठी माणसाचे कान या बाबतीत वेगळ्या वळणावर तयार झाले आहेत. संगीत नाटकात पात्र पद गायचं, समोरचं पात्र ते ऐकायचं, प्रेक्षकही ऐकायचे, आणि वन्स मोअर आला की तेच पद पुन्हा व्हायचं. तोवर कथानक थांबायचं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसायची. हिंदी सिनेमाने गळा आणि चेहरा वेगळे केले, तरी गाणारा चेहरा पडद्यावर असायचाच. नायिकेचे ओठ हलले की लताबाईंचा आवाज तिचा व्हायचा. अपवाद होते, पण सवय ही. अमेरिकी मालिकांनी १९८०च्या दशकापासून जे जोमाने सुरू केलं ते या सवयीच्या बाहेरचं आहे. तिथे प्रसंगात कुणी गातच नाही. कुणा तिसऱ्याने, भलत्याच कारणासाठी, कित्येक वर्षांपूर्वी गायलेलं गाणं पैसे मोजून आणलं जातं आणि पात्रांच्या आयुष्यात सोडलं जातं. ते प्रेक्षकाच्या ओळखीचं असतं, त्याला प्रेक्षकाच्या स्वतःच्या आठवणी चिकटलेल्या असतात, आणि त्या आठवणींसकट ते प्रसंगात येतं. यात धोका मोठा आहे. जमलं तर ताकदही तेवढीच.

‘मायामी व्हाइस’ या मालिकेचा पहिला भाग १६ सप्टेंबर १९८४ रोजी एनबीसीवर लागला. क्रॉकेट आणि टब्ज हे दोन पोलीस रात्रीच्या मायामीतून काळ्या उघड्या गाडीतून एका मोहिमेवर निघालेत. जिवंत परतू की नाही याची खात्री नाही, बोलणं जवळजवळ नाही. गाडीच्या चकचकीत पत्र्यावरून रस्त्यावरचे दिवे सरकत जातात. सोबतीला फिल कॉलिन्सचं १९८१ मधलं ‘इन द एअर टुनाइट’. मध्येच क्रॉकेट गाडी थांबवतो, एका फोन बूथमध्ये शिरतो आणि दुरावलेल्या बायकोला विचारतो की आपल्यात जे होतं ते खरं होतं ना. ती हो म्हणते. तो परत येऊन गाडी सुरू करतो, आणि मग तो प्रसिद्ध ड्रम कोसळतो. मूळ गाण्यात हा ड्रम साडेतीन मिनिटं उलटल्यावर येतो. तोपर्यंत गाणं नुसतं दबा धरून बसलेलं असतं. दोघांपैकी एकालाही हे गाणं ऐकू येत नाही. पण ते जे बोलत नाहीत ते सगळं त्यात आहे, आणि ते फक्त आपल्या कानावर पडतं. त्या काळी पोलिसांच्या मालिकेत एवढा वेळ काहीच न घडू देणं ही धाडसाची गोष्ट होती. पुढच्या कित्येक मालिका या चार-पाच मिनिटांच्या ऋणात आहेत.

याच्या अगदी उलट टोकाला ‘द सोप्रानोज’चा शेवट आहे. १० जून २००७ रोजी एचबीओवर दाखवला गेलेला हा प्रसंग मी थोडा सावकाश सांगणार आहे, कारण गाणं कुणाच्या कानात ठेवायचं याचा इतका पक्का विचार मला दुसरीकडे क्वचितच दिसला.

न्यू जर्सीतल्या ब्लूमफील्ड गावातलं होल्स्टन्स नावाचं साधं खाण्याचं ठिकाण. माफियाचा म्होरक्या टोनी सोप्रानो आधी येऊन बसतो. टेबलावरच छोटा ज्यूकबॉक्स आहे. तो त्यातली पानं उलटतो, गाण्यांची नावं वाचतो आणि नाणं टाकतो. जर्नी या बँडचं १९८१ मधलंच ‘डोन्ट स्टॉप बिलिव्हिन’ सुरू होतं. दारावरची घंटा वाजते, टोनी वर बघतो, बायको येते. पुन्हा घंटा, पुन्हा नजर वर, अनोळखी माणूस, त्याच्यामागे मुलगा. कांद्याच्या तळलेल्या रिंगांची थाळी येते. बाहेर मुलगी गाडी लावायला धडपडते आहे; पुढे, मागे, पुन्हा पुढे. तो अनोळखी माणूस उठून स्वच्छतागृहाकडे जातो. मुलगी रस्ता ओलांडून धावत येते. घंटा वाजते. टोनी वर बघतो. पडदा काळा. गाणं ओळीच्या मध्यावर तुटतं. दहाएक सेकंद काही नाही, मग श्रेयनामावली, तीही संगीताशिवाय. त्या रात्री कितीतरी घरांत लोकांना वाटलं की केबल गेली.

टोनी मेला की नाही यावर तेव्हापासून वाद चालू आहे. लेखक-दिग्दर्शक डेव्हिड चेस यांनी त्यावर वर्षानुवर्षं सरळ बोलायचं टाळलं. मला स्वतःला ज्यूकबॉक्स जास्त बोलका वाटतो. या मालिकेला वेगळं रचून घेतलेलं पार्श्वसंगीत नव्हतं. जे काही होतं ते निवडलेल्या गाण्यांमधून. आणि शेवटचं गाणं चेस यांनी टोनीच्या हातून निवडून घेतलं. न्यू जर्सीतला त्या वयाचा माणूस निवांत असताना जे लावेल तेच त्याने लावलं. ते त्याला ऐकू येतंय, त्याच्या बायकोला ऐकू येतंय, शेजारच्या टेबलावरच्या पोरांना ऐकू येतंय. आपण त्या टेबलाशी बसून त्याच्याबरोबर ऐकत असतो, आणि ऐकणं तुटतं तेव्हा ते आपलंही तुटतं. पार्श्वसंगीत असतं तर ते आधीच सावध करून गेलं असतं. इथे कुणीही आपल्याला सावध करत नाही, टोनीलाही नाही.

गाणं पात्राने लावावं आणि पात्रानेच बंद करावं, हे ‘मॅड मेन’ने २०१२ मध्ये केलं. काळ १९६६ चा. जाहिरात क्षेत्रातल्या मुरलेल्या डॉन ड्रेपरला नव्या पोरांचं संगीत कळेनासं झालंय. तरुण बायको मेगन त्याला बीटल्सचा ‘रिव्हॉल्व्हर’ हा अल्बम देते, आधी हे ऐक म्हणून शेवटचं ‘टुमॉरो नेव्हर नोज’ दाखवते आणि अभिनयाच्या वर्गाला निघून जाते. तो रेकॉर्ड लावून खुर्चीत बसतो. गाणं त्याच्या खोलीतून बाहेर पडतं आणि ऑफिसमधल्या पेगीवर, पीटवर, वर्गात जमिनीवर पडून असलेल्या मेगनवर पसरतं. त्यांच्यापैकी कुणालाही ते ऐकू येत नाही. ते त्यांचं आहे, त्यांच्या येऊ घातलेल्या दिवसांचं, पण ते ऐकण्याची संधी एकट्या डॉनला मिळाली आहे. आणि डॉन उठतो, सुई उचलतो, झोपायला जातो. माझ्या मते अख्ख्या मालिकेत त्याच्या म्हातारपणाची चाहूल इतकी स्पष्ट दुसरीकडे लागत नाही. या गाण्यासाठी सुमारे अडीच लाख डॉलर मोजले गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. बीटल्सचं मूळ ध्वनिमुद्रण टीव्हीला सहसा मिळत नसे. एवढी रक्कम मोजून आणलेलं गाणं अर्ध्यावर बंद करायला निर्मात्याकडे छाती लागते.

आता वेळेबद्दल बोललं पाहिजे. सिनेमाकडे दोन-अडीच तास असतात. मालिकेकडे वर्षं असतात, आणि तिचा सगळ्यात चांगला संगीतप्रसंग या वर्षांवर उभा असतो. ‘सिक्स फीट अंडर’ ही लॉस एंजेलिसमधल्या एका कुटुंबाची कथा. धंदा अंत्यविधी पार पाडण्याचा. २००१ ते २००५ अशी ती चालली, एकूण ६३ भाग. जवळजवळ प्रत्येक भाग एका मृत्यूने उघडायचा. मग पांढरा पडदा, त्यावर मेलेल्याचं नाव, जन्मसाल आणि मृत्यूसाल. पाच वर्षं प्रेक्षकाला या पांढऱ्या पडद्याची सवय लागत गेली. मेलेला बहुधा अनोळखी असायचा, त्यामुळे पडदा यायचा आणि जायचा.

शेवटच्या भागात धाकटी मुलगी क्लेअर घर सोडून न्यू यॉर्कला निघते. मित्राने दिलेली सीडी गाडीत लावते आणि सिया या गायिकेचं ‘ब्रीद मी’ सुरू होतं. आधी ते तिच्या गाडीत वाजतंय, तिला ऐकू येतंय. मग ते रस्त्याच्या पुढे धावू लागतं, तिच्याही पुढे, आणि ज्यांच्याबरोबर आपण पाच वर्षं काढली ती माणसं एकेक करून मरताना दिसतात. तोच पांढरा पडदा. आईचं नाव, २०२५. भावाचा जोडीदार कीथ, २०२९. भाऊ डेव्हिड, २०४४. लग्नं होतात, बाळं मोठी होतात, केस पिकतात, आणि मध्ये मध्ये पुन्हा क्लेअर, तरुण, स्टिअरिंगवर हात, डोळ्यांत पाणी. शेवटचं नाव तिचंच: १९८३ ते २०८५. गाण्यातल्या पियानोवर तंतुवाद्यं चढत जातात तसतसा काळ वेग घेतो. तिला तिच्या गाडीतलं गाणं ऐकू येतंय, पण ते गाणं तिला कुठवर घेऊन गेलं हे तिला कधीच कळणार नाही. ते फक्त आपण पाहिलं. हा सहा-सात मिनिटांचा तुकडा इंटरनेटवर सुटा सापडतो आणि लोक तो सुटाच पाहतात. कृपा करून तसं करू नका. आधीच्या भागांमधले पांढरे पडदे ज्याने पाहिले नाहीत त्याला यात सुंदर गाणं आणि म्हातारपणाचा मेकअप एवढंच दिसेल.

बाहेरून गाणं आणायचंच नाही असा निर्धार करणाऱ्या मालिकाही आहेत. बाल्टिमोर शहरावरच्या ‘द वायर’मध्ये (२००२ ते २००८) संगीत वाजतं ते गाडीच्या रेडिओवर, बारमध्ये, कोपऱ्यावरच्या टेपवर. जे पात्रांना ऐकू येतं तेवढंच आपल्याला. प्रत्येक पर्वाच्या अखेरीस मात्र एकदा हा नियम मोडला जातो, आणि वर्षभर पाळल्यामुळेच तो मोडलेला जाणवतो. शीर्षकगीत पाचही पर्वांत एकच, टॉम वेट्सचं ‘वे डाऊन इन द होल’. गळा मात्र दर पर्वात नवा. पहिल्या पर्वात ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा, मग खुद्द वेट्स, मग नेव्हिल ब्रदर्स, चौथ्या पर्वात बाल्टिमोरमधलीच किशोरवयीन मुलं, शेवटी स्टीव्ह अर्ल. चौथं पर्व शाळेतल्या मुलांचं आहे हे लक्षात घेतलं की ते कोवळे आवाज वेगळेच टोचतात.

आणि ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’चा ‘द बॉडी’ हा २००१ मधला भाग. बफी घरी येते आणि तिची आई सोफ्यावर मेलेली असते. पूर्ण भागात पार्श्वसंगीताचा एक सूर नाही. राक्षस आणि पिशाच्चांच्या या मालिकेत हा मृत्यू साध्या आजारपणातून आलेला, आणि त्याला संगीताचा आधार नाकारलेला. ज्यांच्या घरात असा दिवस येऊन गेला आहे त्यांना ही शांतता ओळखीची वाटेल. या भागाचे लेखक-दिग्दर्शक जॉस व्हीडन यांनीच त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये असा एक भाग रचला ज्यात एका राक्षसाच्या प्रभावाने सगळं गाव गाऊ लागतं आणि मनातली गुपितं गाण्यातून बाहेर पडतात. गाणी प्रत्येकाला ऐकू येतात, आणि संकट तेच आहे. हे दोन्ही भाग एकाच हाताचे, म्हणून ते शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

आपल्याकडच्या दूरदर्शनवर या प्रश्नाची उत्तरं वेगळी निघाली, आणि ती कमी प्रतीची नव्हती. १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा रवींद्र जैन यांचा आवाज प्रसंगाच्या बाजूला उभा राहून कीर्तनकार बुवांसारखा कथा पुढे नेत होता. रामाला तो ऐकू येत नव्हता, घराघरांतल्या श्रोत्यांना येत होता. ‘भारत एक खोज’मध्ये वनराज भाटियांनी दर रविवारी ऋग्वेदातलं नासदीय सूक्त समूहस्वरात उभं केलं, त्याचं हिंदी रूप वसंत देवांचं. सृष्टीच्या आधी काय होतं हा प्रश्न विचारून मग इतिहास सांगायला बसायचं, ही कल्पनाच मोठी. ‘मालगुडी डेज’ची एल. वैद्यनाथन यांची गुणगुणणारी धून शब्दांवाचून भारतभर पोचली.

पण प्रसंगातल्या संगीताचं खरं काम मला दिसतं ते गुलजार यांच्या १९८८ च्या ‘मिर्झा गालिब’मध्ये. नसीरुद्दीन शाह शेर म्हणतात तेव्हा तो बोलणाऱ्या माणसाचा आवाज असतो. नीना गुप्तांची नवाबजान तीच गझल गाते तेव्हा कवीचे शब्द त्याच्या कागदावरून दुसऱ्याच्या गळ्यात गेलेले असतात. आणि जगजीत सिंहांचा आवाज येतो तेव्हा ती गझल गालिबच्या दिल्लीतही असते आणि आपल्या घरातही. म्हणणारा, गाणारी आणि दीडशे वर्षांनंतरचा गायक, असे तीन आवाज या एका मालिकेत आहेत. जगजीत सिंहांनी वाद्यं मोजकीच ठेवली, म्हणून शब्द ऐकू येतात. त्या वेळी उर्दू न कळणाऱ्या कितीतरी मराठी घरांत गालिब शिरला तो याच वाटेने.

मराठी मालिकांबद्दल मला जरा आग्रहाने बोलायचं आहे. शीर्षकगीत या प्रकारात आपण कुणाला हार जाणार नाही. ‘आभाळमाया’चं गाणं घ्या: शब्द मंगेश कुलकर्णींचे, चाल अशोक पत्कींची, आवाज देवकी पंडितांचा. पत्कींनी आयुष्यभर जिंगल्स केल्या; मिनिटभरात चाल कानात रुजवायची कशी हे त्यांच्या हाताला ठाऊक. पण ते गाणं श्रेयनामावली संपली की बाहेरच थांबतं. आत प्रसंगात उरतो तो चेहऱ्यावर आदळणारा ठोका, एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. रोज भाग द्यायचा असतो, संकलनाला वेळ नसतो, तयार साठ्यातले तुकडे जोडले जातात, हे मी समजू शकतो. तरीही ज्या भाषेने नाट्यपदं, अभंग, लावणी आणि भावगीतं यांचा एवढा मोठा साठा राखला, त्या भाषेतल्या मालिकेत स्वयंपाकघरातल्या रेडिओवर एखादं भावगीत लागावं आणि भाजी चिरणाऱ्या सुनेचा हात क्षणभर थांबावा, एवढं तरी व्हायला हवं. त्याला अडीच लाख डॉलर लागत नाहीत.

जुनं गाणं अशा वापराने नव्याने जगतं, हे २०२२ ने दाखवून दिलं. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या चौथ्या पर्वात मॅक्स ही मुलगी मरणाच्या दारात आहे आणि तिच्या कानांना लावलेल्या हेडफोनमधलं केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’ तिला परत आणतं. ऐकू येणं हाच इथे जगण्याचा उपाय. १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर थांबलेलं हे गाणं ३७ वर्षांनी पहिल्या क्रमांकावर गेलं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी ते पहिल्यांदा ऐकलं ते मॅक्सच्या कानांनी.

एक व्यवहाराची बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. मालिकेत तयार गाणं वापरायला दोन परवानग्या लागतात: एक चाल आणि शब्द ज्यांच्या मालकीचे त्यांची, दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. जुन्या करारांत अनेकदा फक्त प्रक्षेपणाचा हक्क घेतलेला असे. पुढे डिस्क निघतील, स्ट्रीमिंग येईल हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही तर रेडिओ स्टेशनवरचीच मालिका, पण २००७ मध्ये तिच्या डिस्क निघाल्या तेव्हा कितीतरी मूळ गाण्यांच्या जागी दुसरंच संगीत होतं. ‘द वंडर इयर्स’ १९९३ मध्ये संपली आणि गाण्यांचे हक्क जुळवून डिस्कवर यायला २०१४ उजाडलं. म्हणजे तुमच्या पडद्यावर दिसणारा प्रसंग मूळ प्रक्षेपणातलाच असेल याची हमी नाही. पुढच्या लेखांत वर्णन केलेलं गाणं तुम्हाला ऐकू आलं नाही, तर दोष लेखकाच्या स्मरणाला देण्याआधी आपल्यासमोर कोणती आवृत्ती आहे ते तपासावं, आणि शक्य असेल तिथे मूळ गाण्यासह निघालेली आवृत्ती शोधून तीच पाहावी.